‘मॅन’ म्हणजे माणूस की पुरुष? अनुवादात पडलेला एक पेच

मुद्रितशोधक

गेले काही दिवस एका इंग्रजी पुस्तकाच्या मराठी अनुवादाची मुद्रिते माझ्याकडे तपासायला आली आहेत. पुस्तक मानवाच्या आदिकाळाविषयी आहे, कुमार वाचकांसाठी लिहिलेले आहे आणि अनुवाद एकंदरीत वाचनीय आहे. तरीही तिसऱ्याच पानावर माझी लेखणी थबकली. तिथे छापले होते : ‘पुरुष हा सस्तन प्राणी असून तो आपल्या पिलांना दूध पाजतो.’ मूळ इंग्रजीत ‘मॅन’ हा शब्द होता आणि अनुवादकाने शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला होता, एवढाच तो प्रकार. ‘पुरुष’ खोडून मी ‘माणूस’ लिहिले आणि पान उलटले.

खरी अडचण चाळिसाव्या पानावर उभी राहिली. तिथल्या मूळ वाक्याचा आशय असा आहे : ‘मॅन’ डोंगरातील गुहा सोडून नदीकाठच्या सपाटीवर उतरला आणि आपल्या बायकामुलांसह तिथे वस्ती करून राहिला. इथे अनुवादकाने ‘माणूस’ हा शब्द योजला आहे आणि शब्द म्हणून तो चूक नाही. पण वाक्याच्या आरंभी सगळी मानवजात डोळ्यांपुढे येते आणि ‘बायकामुलांसह’ या शब्दापाशी पोहोचेपर्यंत त्यातली निम्मी मानवजात भांड्याकुंड्यांसारखी बरोबर घेतलेली दिसते. ‘पुरुष’ लिहावे, तर गुहा सोडण्याचा निर्णय फक्त पुरुषांचा ठरतो. ‘माणूस’ लिहावे, तर बायका माणसांत मोडत नाहीत असा अर्थ निघतो.

इंग्रजीत ‘मॅन’ नेमके कोणाला म्हणतात, एकाच वाक्यात त्याचा अर्थ असा कूस का पालटतो आणि मराठीत आणताना कोणती कसोटी लावावी, याविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

पिंपळपान

मुद्रितशोधक साहेब, आपल्या चाळिसाव्या पानावरचा घोटाळा त्या लेखकाचा एकट्याचा नाही. तो इंग्रजी भाषेला सुमारे सातशे-आठशे वर्षांपासून चिकटलेला आहे आणि त्याचे कारण एका हरवलेल्या शब्दात आहे.

प्राचीन इंग्रजीत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या भाषेत, या कामासाठी तीन वेगवेगळे शब्द होते. प्रौढ पुरुषासाठी ‘वेर’, स्त्रीसाठी ‘वीफ’ आणि स्त्री असो वा पुरुष, कोणत्याही मनुष्यासाठी ‘मन’ किंवा ‘मॅन’. हा तिसरा शब्द स्त्रीला सहज लावला जाई. अँग्लो-सॅक्सन बखरीत केंटच्या राजघराण्यातील एर्कनगोटा नावाच्या कन्येचे वर्णन ‘पवित्र कुमारी आणि अद्भुत मॅन’ असे केलेले आढळते, आणि ते लिहिणाऱ्याला त्यात काही विचित्र वाटले नसावे, कारण त्याच्या दृष्टीने तो ‘अद्भुत व्यक्ती’ एवढेच म्हणत होता.

स्त्री हा अर्थ ठळक करायचा असेल, तर ‘वीफ’ आणि ‘मॅन’ जोडून ‘वीफमन’ असा शब्द करीत. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागू नये, कारण आपला ‘बाईमाणूस’ अगदी त्याच साच्यातून निघाला आहे. याच ‘वीफमन’चे झिजत झिजत ‘वुमन’ झाले. ‘वूम’ म्हणजे गर्भाशय आणि त्यावरून ‘वुमन’ ही जी व्युत्पत्ती अधूनमधून ऐकू येते, ती रचून सांगितलेली आहे. ‘वीफ’ पुढे आकुंचन पावून ‘वाइफ’ म्हणजे पत्नी एवढ्यावर आला. पण ‘मिडवाइफ’ या शब्दात त्याचा जुना अर्थ अजून टिकून आहे. तिथे ‘मिड’ म्हणजे ‘सोबत’ आणि ‘वाइफ’ म्हणजे स्त्री. प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या सोबत असणारी ती मिडवाइफ.

आता हरवलेल्या शब्दाकडे येतो. ‘वेर’ हा लॅटिनमधील ‘विर’चा आणि आपल्या ‘वीर’चा सख्खा भाऊबंद. तेराव्या शतकाच्या सुमारास तो इंग्रजीतून वापराबाहेर गेला आणि मागे थोडेसे अवशेष राहिले. रात्री लांडगा होणारा मनुष्य म्हणजे ‘वेअरवुल्फ’, यातला ‘वेअर’ तोच. ‘वर्ल्ड’ या शब्दाच्या पोटातही तो आहे : ‘वेर’ आणि वय किंवा युग या अर्थाचा शब्द मिळून ‘माणसांचे युग’ असा त्याचा मूळ अर्थ होता आणि त्यावरून ‘जग’ हा अर्थ आला. (आपल्याकडे ‘लोक’ म्हणजे जगही आणि माणसेही, हे या निमित्ताने आठवते.)

‘वेर’ गेल्यावर पुरुषासाठी स्वतंत्र शब्द उरला नाही आणि ते काम ‘मॅन’च्या गळ्यात पडले. त्याने आधीचे काम मात्र सोडले नाही. त्यामुळे एकाच शब्दावर दोन जबाबदाऱ्या आल्या. लॅटिनने ‘होमो’ आणि ‘विर’ वेगळे ठेवले, ग्रीकने ‘अँथ्रोपॉस’ आणि ‘अनेर’ वेगळे ठेवले, जर्मन आजही ‘मेन्श’ म्हणजे माणूस आणि ‘मान’ म्हणजे पुरुष असा भेद पाळते. इंग्रजीने तो गमावला आणि आपल्या पुस्तकातील नदीकाठची वस्ती त्याची किंमत मोजत आहे.

सातवी ब

मी शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे इतिहासापेक्षा वापराबद्दल लिहितो.

‘मॅन’चा अर्थ ओळखण्याची पहिली खूण त्याच्या अलीकडे उभी असते. एकवचनी ‘मॅन’च्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ हे उपपद असेल, तर बहुतेक वेळा एक विशिष्ट पुरुष अभिप्रेत असतो. उपपद नसेल आणि तो हाक मारण्यासाठी वापरलेला नसेल, तर मानवजात. इंग्रजीतील बहुतेक मोजता येणारी नामे एकवचनात उपपदाशिवाय अशी मोकळी उभी राहू शकत नाहीत. ‘मॅन’ला आणि त्याच्या जोडीने ‘वुमन’ला ही सवलत आहे.

एका अक्षराने काय घडते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चंद्रावरचे आहे. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रभूमीवर पाऊल ठेवताना जे वाक्य उच्चारले, ते पृथ्वीवर असे ऐकू आले : ‘मॅनसाठी हे लहानसे पाऊल, मॅनकाइंडसाठी मोठी झेप.’ उपपद नसल्यामुळे पहिल्या भागातील ‘मॅन’चा अर्थही मानवजात असाच होतो, आणि मग एकाच मानवजातीसाठी तेच पाऊल लहानही ठरते आणि मोठेही. आर्मस्ट्राँग यांचे म्हणणे असे होते की त्यांना ‘अ मॅन’, म्हणजे ‘एका माणसासाठी’, असे म्हणायचे होते. ते ‘अ’ उच्चारले गेले की ध्वनिप्रक्षेपणात हरवले, यावर नंतर पुष्कळ वाद झाले. मराठी अनुवादात मात्र ‘एका माणसाचे लहान पाऊल’ असे लिहून आपण तो प्रश्न परस्पर मिटवून टाकतो.

विद्यार्थी हमखास चुकतात ती जागा अनेकवचनाची. ‘मॅन’चे ‘मेन’ होते, म्हणून ते ‘ह्यूमन’चे ‘ह्यूमेन’ आणि ‘जर्मन’चे ‘जर्मेन’ करतात. ‘ह्यूमन’ हा शब्द लॅटिन ‘ह्यूमानुस’वरून आलेला आहे आणि त्यातला ‘मन’ हा निव्वळ योगायोग आहे, त्यामुळे त्याचे अनेकवचन ‘ह्यूमन्स’. ‘जर्मन’मध्येही ‘मॅन’ नाही. ‘नॉर्मन’ मात्र मजेशीर आहे : तो मुळात ‘नॉर्थ-मॅन’ म्हणजे उत्तरेकडचा माणूस असूनही फ्रेंचमधून फिरून आल्यामुळे त्याचे अनेकवचन ‘नॉर्मन्स’ असेच होते.

‘वुमन’चे अनेकवचन ‘विमिन’ असे का उच्चारतात, हेही मुले विचारतात. पिंपळपान यांनी सांगितलेल्या ‘वीफमन’मधला ‘इ’ अनेकवचनात टिकून राहिला आणि एकवचनात मात्र ‘व’च्या संगतीने ओठ गोल होऊन त्याचा ‘उ’ झाला. दोन्हींच्या लेखनात आता ‘ओ’ हेच अक्षर असल्यामुळे फरक डोळ्यांना दिसत नाही, फक्त कानांना कळतो.

मुद्रितशोधक

पिंपळपान आणि सातवी ब, दोघांचेही मनापासून आभार. ‘बाईमाणूस’ इतका जवळ असूनही ध्यानात आला नव्हता.

एक छोटी दुरुस्ती करते. मी ‘साहेब’ नाही. मी स्त्री आहे. पिंपळपान यांचा यात दोष नाही, कारण माझे टोपणनाव व्याकरणाने पुल्लिंगी आहे. मी ते मुद्दाम लपवलेही नव्हते. पहिले निवेदन पुन्हा वाचल्यावर लक्षात आले की त्यातील माझ्याविषयीची सगळी क्रियापदे ‘मी लिहिले’, ‘मी उलटले’ अशी कर्माप्रमाणे चालणारी पडली आहेत आणि ‘मी गेले’ किंवा ‘मी गेलो’ असे म्हणण्याची वेळच कुठे आली नाही. तेव्हा लिंगाविषयी काहीही न सांगणारी शंभर-दीडशे शब्दांची मराठी लिहिता येते, आणि ती वाचणारा मनातल्या मनात पुरुषच उभा करतो. ‘मॅन’बाबत इंग्रजी वाचकाचे काय होत असेल, याचा अंदाज यावरून आला.

पिंपळपान

चूक कबूल, क्षमस्व. ‘साहेब’ मागे घेतो.

काळाकोट

या चर्चेत कायद्याचा उल्लेख व्हायला हवा, कारण ‘मॅनमध्ये वुमन येते का’ हा प्रश्न न्यायालयात प्रत्यक्ष लढवला गेला आहे, आणि त्याच्या निकालावर मताधिकार अवलंबून होता.

इंग्लंडमध्ये १८५० साली एक अधिनियम झाला. कायद्यांचा मजकूर आटोपशीर व्हावा, म्हणून त्यात असे ठरवले गेले की स्पष्टपणे वेगळे सांगितले नसेल, तर अधिनियमांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश मानावा. पुढे १८६७ च्या मताधिकार सुधारणा कायद्याचे विधेयक चर्चेला आले, त्यात मतदाराच्या पात्रतेसाठी ‘मॅन’ हा शब्द होता. तत्त्वज्ञ आणि तेव्हाचे खासदार जॉन स्टुअर्ट मिल यांनी त्या वर्षीच्या २० मे रोजी दुरुस्ती सुचवली की ‘मॅन’ काढून तिथे ‘पर्सन’ घालावे. एका शब्दाची ही दुरुस्ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी फेटाळली गेली.

कायदा ‘मॅन’ शब्दासह संमत झाला. त्यावर मँचेस्टरमधील पाच हजारांहून अधिक स्त्रियांनी मतदारयादीत नाव घालण्याचा दावा केला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : १८५० च्या अधिनियमानुसार पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया येतात, सबब १८६७ च्या कायद्यातील ‘मॅन’मध्ये आम्हीही येतो. ‘चॉर्लटन विरुद्ध लिंग्ज’ या नावाने हे प्रकरण १८६८ मध्ये न्यायालयापुढे आले आणि रिचर्ड पँकहर्स्ट हे स्त्रियांच्या बाजूच्या वकिलांपैकी एक होते. न्यायालयाने दावा फेटाळला. स्त्रियांना मताधिकार नसणे ही पूर्वापार चालत आलेली कायदेशीर स्थिती आहे आणि ती बदलायची असती, तर संसदेने तसे स्पष्ट शब्दांत म्हटले असते, असा त्या निकालाचा रोख होता.

यात बोचणारी गोष्ट अशी आहे की कर भरण्याच्या, शिक्षा भोगण्याच्या तरतुदींत इंग्रजी ‘ही’ (म्हणजे ‘तो’) हे पुल्लिंगी सर्वनाम स्त्रियांनाही बिनदिक्कत लागू होत असे. बंधने वाटताना शब्दाचा अर्थ व्यापक आणि हक्क वाटताना अरुंद, असा हा हिशेब होता.

‘पर्सन’ हा शब्द घातला असता, तर प्रश्न सुटला असता असेही म्हणता येत नाही. कॅनडात सिनेटवर नेमण्यासाठी ‘पात्र पर्सन्स’ असा शब्दप्रयोग होता आणि त्यात स्त्रिया येत नाहीत, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२८ मध्ये सांगितले. अल्बर्टा प्रांतातील पाच स्त्रियांनी ते प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, नेले आणि १८ ऑक्टोबर १९२९ रोजी तो निर्णय फिरला.

या तुलनेत १८६० ची भारतीय दंड संहिता अधिक नेटकी म्हणावी लागेल. तिच्या कलम १० मध्ये ‘मॅन’ म्हणजे कोणत्याही वयाचा पुरुष आणि ‘वुमन’ म्हणजे कोणत्याही वयाची स्त्री, अशी व्याख्या होती. आणि ‘ही’ हे सर्वनाम स्त्री किंवा पुरुष, कोणाबद्दलही वापरले आहे, असे कलम ८ मध्ये वेगळे सांगितले होते. म्हणजे ‘मॅन’ला मानवजातीच्या कामातून तिथे रीतसर मुक्त केले होते. तान्हा मुलगाही त्या व्याख्येनुसार ‘मॅन’ ठरत असे, ही गोष्ट वेगळी.

उभा छेद

आतापर्यंतच्या प्रतिसादांत असा सूर लागतो आहे की इंग्रजी सदोष आणि मराठी निर्मळ. मला तो मान्य नाही.

‘पुरुष’ हाच शब्द घ्या. संस्कृतात तो मनुष्य या व्यापक अर्थानेही वापरला जात असे. ‘पुरुषार्थ’ म्हणजे मनुष्यजन्मात साधायची उद्दिष्टे, आणि आपल्या व्याकरणात ‘प्रथम पुरुष’, ‘द्वितीय पुरुष’ म्हणताना कोणाच्या मनात मिशा येत नाहीत. तरीही आजच्या मराठीत ‘पुरुष’ म्हणजे फक्त नर. ‘नर’ शब्दाची तर त्याहून बिकट अवस्था आहे. ‘नरमादी’ म्हणताना तो एका लिंगापुरता असतो आणि ‘नरभक्षक’ म्हणताना सगळ्या मानवजातीचा होतो. एखाद्या नरभक्षक वाघाने स्त्रीवर हल्ला केला, म्हणून त्याला आपण ‘नारीभक्षक’ म्हणत नाही. इंग्रजीतही तो ‘मॅन-ईटर’च राहतो. ‘मर्द’ फारसीतून आला. तो ‘मर्त्य’ या शब्दाचा नातलग आहे, म्हणजे मुळात ‘मरण असलेला’, आणि मरण काही एकट्या पुरुषांना नसते. मनुष्यवाचक शब्द घसरत घसरत पुरुषवाचक होणे हा अनेक भाषांचा जुना रोग आहे.

‘माणूस’ त्यातून बऱ्यापैकी वाचला आहे, पण पूर्ण नाही. ‘एक माणूस दाराशी उभा आहे’ असे ऐकल्यावर तुम्ही कोणाची कल्पना करता? दाराशी स्त्री असती, तर सांगणाऱ्याने ‘एक बाई’ असे म्हटले असते. म्हणजे विशिष्ट व्यक्तीची गोष्ट निघाली की ‘माणूस’ही पुरुषाकडे झुकतो. ‘आमचा माणूस येऊन पैसे घेऊन जाईल’ यात तर तो ‘मॅन’सारखाच नोकर होतो.

तरीही फरक आहे, आणि माझ्या मते तो मोठा आहे. शब्दाचा गाभा कोणता, हे त्याच्यापासून बनणाऱ्या भाववाचक नामावरून कळते. ‘मॅन’पासून ‘मॅनली’, ‘मॅनहुड’, आणि ते प्रामुख्याने पौरुषाचे शब्द आहेत. ‘माणूस’पासून ‘माणुसकी’. ‘बी अ मॅन’ म्हणजे रडू नकोस, कच खाऊ नकोस. ‘अरे, जरा माणसासारखा वाग’ म्हणजे दुसऱ्याचा विचार कर, जनावर होऊ नकोस. आणि हे वाक्य ‘अगं, जरा माणसासारखी वाग’ असे स्त्रीलाही तितक्याच सहजतेने ऐकवता येते. ‘बी अ मॅन’चा अनुवाद ‘माणूस बन’ असा केलेला मी वाचला आहे. त्यात सल्ला जवळजवळ उलटा होतो.

चांदणचुरा

कसोटी विचारली होती, म्हणून एक सुचवते. तर्कशास्त्राच्या पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले उदाहरण आहे : सर्व मनुष्य मर्त्य आहेत, सॉक्रेटिस मनुष्य आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे. इंग्रजीत तिथे ‘मेन’ आणि ‘मॅन’ असते. आता सॉक्रेटिसच्या जागी मेरी क्यूरी यांना बसवून पाहा. ‘मेरी क्यूरी मनुष्य आहेत’ हे वाक्य मराठीत जरा पुस्तकी वाटते, पण चालते. ‘मेरी क्यूरी इज अ मॅन’ हे इंग्रजीत चालत नाही. ते सरळ खोटे ठरते. म्हणजे ‘सर्व मेन मर्त्य आहेत’ या पहिल्या विधानात ‘मेन’ व्यापक होता आणि दुसऱ्यात उतरेपर्यंत तो आकसला. तर्कशास्त्राच्या भाषेत हा संदिग्धपदाचा दोष झाला आणि सॉक्रेटिस पुरुष होता, म्हणून तो इतकी वर्षे कोणाच्या नजरेत भरला नाही.

तेव्हा ‘मॅन’ दिसला की त्या जागी मनात एखादी स्त्री बसवून पाहावी. वाक्य टिकले, तर ‘माणूस’, ‘मनुष्य’ किंवा ‘मानव’. कोसळले, तर ‘पुरुष’. तिसऱ्या पानावरील सस्तन प्राण्याचे वाक्य टिकते, किंबहुना स्त्री बसवल्यावरच ते खरे होते. चाळिसाव्या पानावरील वाक्य अर्धे टिकते आणि अर्धे कोसळते, म्हणून तिथे शब्द बदलून भागणार नाही, वाक्यच मोडून बांधावे लागेल.

सातवी ब

चांदणचुरा यांची कसोटी उत्तम आहे. उद्या वर्गात वापरणार.

पर्यायी शब्दांविषयी थोडे. ‘पर्सन’ लॅटिन ‘पर्सोना’वरून आला, त्याचा एक अर्थ नटाचा मुखवटा असा होता. ‘पर्सन्स’ हे अनेकवचन आता प्रामुख्याने कायद्याच्या आणि सूचनाफलकांच्या भाषेत उरले असून, रोजच्या बोलण्यात ‘पर्सन’चे अनेकवचन ‘पीपल’ असेच होते. ‘पीपल्स’ हेही बरोबर आहे, पण तेव्हा अर्थ ‘अनेक लोकसमूह’ असा होतो. मराठीत ‘पर्सन’ला ‘व्यक्ती’ हा चपखल प्रतिशब्द आहे. तो व्याकरणाने स्त्रीलिंगी असूनही ‘एक अनोळखी व्यक्ती आली होती’ या वाक्यावरून आलेली व्यक्ती स्त्री होती असे कोणी समजत नाही. लिंगाची छाया पडू नये, अशी इच्छा असेल, तर मला हा शब्द ‘माणूस’पेक्षा सुरक्षित वाटतो, जरी त्याला थोडा पोलिसी वास आहे.

क्रिकेटच्या नियमांत ‘बॅट्समन’ऐवजी ‘बॅटर’ हा शब्द ते नियम ठरवणाऱ्या एमसीसी या क्लबने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वीकारला, तेव्हा इंग्रजीत पुष्कळ खळखळ झाली. ‘फलंदाज’ लिहिणाऱ्यांना त्याची झळही लागली नाही. अंतराळयानांच्या ‘मॅन्ड’ आणि ‘अनमॅन्ड’चेही तसेच, नासाला तिथे ‘क्रूड’ (म्हणजे ‘क्रू’ किंवा चमू असलेले) असा पर्याय शोधावा लागला. आपले ‘मानवरहित’ आधीपासूनच ठीक होते.

काळाकोट

‘मॅनेजर’, ‘मॅन्युअल’, ‘मॅन्युस्क्रिप्ट’ यांतही ‘मॅन’ आहे का, असे मला व्यक्तिगत संदेशातून विचारले गेले, म्हणून इथेच सांगतो : नाही. तिथे लॅटिन ‘मानुस’ म्हणजे हात आहे. ‘मँडरिन’ तर संस्कृत ‘मंत्रिन्’वरून मलय आणि पोर्तुगीज मार्गे गेलेला आहे.

उभा छेद

मग ‘मॅन’ आणि ‘मनु’ यांचा तरी संबंध आहे की तोही असाच योगायोग?

पिंपळपान

तो संबंध खरा आहे. जर्मानिक भाषांतील ‘मॅन’ आणि संस्कृत ‘मनु’, ‘मनुष्य’ हे एकाच भारत-युरोपीय मुळाचे मानले जातात. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इसवी सन ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांविषयी लिहिताना नोंदवले आहे की ते आपली उत्पत्ती ‘मन्नुस’ नावाच्या मूळपुरुषापासून सांगतात. (‘मूळपुरुष’ लिहिल्यावर उभा छेद यांचा मुद्दा पुन्हा पटला.) आपल्याकडे मनु, त्यांच्याकडे मन्नुस. विचार करणे या अर्थाच्या ‘मन्’ धातूवरून हा शब्द आला, म्हणजे ‘विचार करणारा तो मनुष्य’, असे अनेकदा सांगितले जाते. त्यावर मात्र अभ्यासकांचे एकमत नाही.

आणखी एक साम्य सांगण्याचा मोह आवरत नाही. जर्मन ‘मेन्श’ हे मुळात ‘मान’पासून बनलेले विशेषण, म्हणजे ‘मनुष्यविषयक’. ते पुढे नाम झाले. आपला ‘माणूस’ ज्या ‘मानुष’वरून आला, तेही मनूपासून बनलेले विशेषणच. जर्मनांनी आणि आपण एकाच युक्तीने व्यापक अर्थाचा शब्द वाचवला. इंग्रजीतही असा शब्द होता, ‘मेनिश’सारखा, तोही मागे पडला.

चांदणचुरा

एका बाबतीत सावधगिरी सुचवते. मेरी क्यूरींची कसोटी भूतकाळातील दस्तऐवजांना लावताना आपण लेखकाला त्याच्यापेक्षा उदार करून टाकण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘ऑल मेन आर क्रिएटेड ईक्वल’ असे आहे. त्याचा अनुवाद ‘सर्व माणसे समान’ असा रूढ आहे आणि वाचायला तो सुंदर वाटतो. पण त्या जाहीरनाम्यानंतर स्थापन झालेल्या राज्यव्यवस्थेत स्त्रियांना बहुतांश ठिकाणी मत नव्हते आणि गुलाम तर मालमत्ता होते. १८४८ मध्ये सेनेका फॉल्स येथे जमलेल्या स्त्रियांनी आपल्या जाहीरनाम्यात तेच वाक्य ‘ऑल मेन अँड विमेन’ असे वाढवून लिहिले. मूळ शब्दाचा ‘माणसे’ असा अनुवाद केला, तर त्यांनी ते दोन शब्द का घातले, हेच मराठी वाचकाला कळणार नाही. तिथे मी ‘पुरुष’ लिहीन आणि तळटीप देईन.

याच्या पुढचा टप्पा आपल्या जवळचा आहे. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारला गेला. त्याच्या मसुद्यातील पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ असे होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी त्याला हरकत घेतली. त्यांची भीती काळाकोट यांनी सांगितलेल्या निकालासारखीच होती : काही देशांत ‘मेन’चा अर्थ अक्षरशः ‘पुरुष’ असा लावून स्त्रियांना वगळले जाईल. अखेर तिथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ असे शब्द आले. गंमत अशी की या कलमाच्या मराठी अनुवादात मसुदा आणि अंतिम पाठ, दोन्हींसाठी ‘सर्व माणसे’ असेच लिहिता येईल, आणि मग हंसाबाईंनी बदल केला तो काय, हे मराठीत दिसणारच नाही.

मुद्रितशोधक

सगळ्यांचे प्रतिसाद समोर ठेवून चाळिसाव्या पानाचे वाक्य अनुवादकासह फोनवर पुन्हा बांधले. शब्दापेक्षा वचनात उत्तर सापडले. ‘माणूस’ एकवचनात पुल्लिंगी चालतो, त्यामुळे ‘तो’, ‘उतरला’, ‘आपल्या बायकामुलांसह’ असे सगळे एकामागून एक येत जाते. ‘माणसे’ हे अनेकवचन मात्र नपुंसकलिंगी आहे, आणि ‘ती माणसे उतरली’ यात स्त्री-पुरुष दोघांनाही जागा मिळते. आता वाक्य असे झाले आहे : ‘माणसे डोंगरातील गुहा सोडून नदीकाठच्या सपाटीवर उतरली आणि मुलाबाळांसह तिथे वस्ती करून राहिली.’ ‘बायका’ वगळल्याबद्दल अनुवादकाने आधी कुरकुर केली. मूळात ‘वाइव्ह्ज’ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ‘त्या उतरलेल्या माणसांतच आहेत,’ असे मी म्हटले, तेव्हा ते मान्य झाले. लेखकाच्या दृष्टिकोनाचा तो पुरावा असता, तर चांदणचुरा यांच्या सूचनेप्रमाणे ठेवला असता. कुमारांच्या माहितीपर पुस्तकात तशी गरज वाटली नाही.

एक जागा अजून अडली आहे. प्रकरणाचे शीर्षक ‘मॅन द हंटर’ असे आहे. एकवचन हवे, शीर्षकाला वजनही हवे, आणि त्याच प्रकरणात पुढे कंदमुळे व फळे गोळा करणाऱ्या स्त्रियांचे वर्णन आहे, म्हणजे लेखकाच्या मनात इथे पुरुषच असावा. ‘शिकारी मानव’ लिहावे तर स्त्रियांचे काम झाकले जाते. ‘शिकारी पुरुष’ लिहावे तर शीर्षक जाहिरातीसारखे वाटते. मुद्रिते सोमवारी परत द्यायची आहेत.

उभा छेद

‘शिकार’ एवढेच ठेवा.